आबांचं रगत

सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना मळीचा वास आला. पेटला म्हणायचा कारखान्याचा बॉयलर. आंबूस, गोडसर, जरासा कुजकट असा तो वास सांगलीच्या माणसाला मनापासून आवडतो. थंडी आली, काकवी येणार, नवा गूळ येणार, असं काय काय त्याला आठवतं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. ओले कपडे तसेच बादलीत टाकून मी आत गेले आणि पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली गं बाई."

"कधी?"

"चहाबरोबर. तुझ्यासमोर. आता काय ओकून दाखवू?"

त्याच्या छातीची तक्रार निघाल्यापासून डॉक्टरांनी ॲस्पिरिनची ती बारीकशी पांढरी गोळी रोजची लावून दिली आहे. वर्षभर तो ती घेतो की नाही हे मी बघायलाही जात नाही. पण गळिताचा हंगाम सुरू झाला की माझ्या तोंडी हा एकच प्रश्न. बरं, घेतली म्हणाला म्हणून मला हायसं वाटावं, तर तेही नाही. विसरलो म्हणाला तरी धस्स होतं आणि घेतली म्हणाला तरी धस्स होतंच. लेक म्हणते, "आई, तुला नक्की हवंय तरी काय? एकदा ठरव." काय हवंय ते मला चांगलं ठाऊक आहे. ते कुणाला मिळालेलं मी अजून पाहिलं नाही.

दिवाळी सरली की इकडचे रस्ते ट्रॅक्टरवाल्यांचे होतात. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर माणसाच्या दीडपट उंच ऊस, बाहेर लोंबणारी शेंड्यांची वाढी, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी कान फुटतील अशी गाणी. मागच्या गाडीतल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. वळणावर एखादी ट्रॉली कलंडली की मागची थांबते, तिच्या मागची तिला भिडते, कुणी शहाणा बाजूनं घुसायला बघतो आणि तोही अडकून बसतो. घटकाभरात एसटी, दुधाची गाडी, शाळेची रिक्षा, सगळं जागच्या जागी. लोक खाली उतरून ऊस मोडून खात उभे राहतात. मला अजूनही ते खाणं बघवत नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी इथंच एका वैद्यकीय कॉलेजच्या मागच्या बाजूला, जुन्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. गाव माझं वडूजजवळचं, कोरडवाहू. ज्वारी पिकली तर पिकली, नाहीतर पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर घर चालायचं. गावात एवढंच कळलं होतं की मंदा रगत तपासायचं शिकतीय. सुट्टीला गेले की बायका बोट पुढं करायच्या, "बग गं, साकर हाय का?" मी म्हणायचे, अहो मावशी, माझं ते काम नाही. मग त्या आपसात म्हणायच्या, मग हिला एवढी वर्सं शिकवत्यात तरी काय?

काय शिकवत होते ते सांगते. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. शीर फाटली की फाटलेल्या कडेला आतले धागे उघडे पडतात. प्लेटलेट त्या धाग्यांना चिकटतात, चिकटलेल्यांवर आणखी येऊन बसतात, ढीग होतो आणि भोक बुजतं. म्हणून भाजी चिरताना बोट कापलं तरी आपण मरत नाही. पण हृदयाच्या नळीत आतल्या आत ओरखडा आला तर? प्लेटलेटला काय कळतंय कुठं थांबायचं ते. ती तिथंही चिकटते, तिथंही ढीग घालते, आणि नळी बुजते. ज्यानं जगवलं त्यानंच मारलं, असा सगळा कारभार.

आमचे सर हे काम परदेशात शिकून आले होते. त्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची चौकट करून घेतली होती. तीत दोन काचा, मध्ये केसाएवढी फट. खालच्या काचेला त्या उघड्या पडणाऱ्या धाग्याचा, कोलॅजेनचा, लेप द्यायचा. मग माणसाचं ताजं रक्त, बाटलीत गोठू नये म्हणून औषध घातलेलं, पंपानं त्या फटीतून वाहतं ठेवायचं आणि वरून मायक्रोस्कोप लावून बसायचं. प्लेटलेटना चमकणारा रंग दिलेला असायचा. "साचलेलं रक्त खोटं बोलतं, मंदा," सर म्हणायचे. "माणसाचं रक्त वाहतं ना? मग ते वाहतानाच बघायचं."

आणि फ्रीजरमध्ये होतं पेप्टाइड. चार अमिनो आम्लांची इवलीशी साखळी, यंत्रावर एकेक दाणा जोडून केलेली, परदेशातून आलेली चिमूटभर पांढरी भुकटी. प्लेटलेट एकमेकींना धरतात त्या मधल्या एका प्रथिनाला पकडून. त्या प्रथिनावरची पकडायची जागा एवढीशीच असते. नेमका तेवढाच तुकडा आपण आधीच रक्तात सोडला, की प्लेटलेटच्या मुठीत तोच जाऊन बसतो. मूठ भरली. आता ती दुसरीला धरणार कशानं?

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या होत्या. पेप्टाइड नसलेल्या रक्तात दोन मिनिटांत काचेवर हिरवे चमकते ढीग उभे राहिले होते. पेप्टाइड घातलेल्या रक्तात प्लेटलेट येत होत्या, काचेवर जरा रेंगाळत होत्या आणि निघून जात होत्या. एक न् एक. सर टाळ्या ऐकून जवळ आले, नळीत डोळा घालून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "औषध होईल याचं एक दिवस. पण प्रमाण चुकलं तर तो माणूस दात घासतानाही मरेल, हे लक्षात ठेव." तेव्हा मला वाटलं, काय हे सर, शुभ बोल नाऱ्या म्हणायची वेळ आली. खिडकी उघडी होती आणि मळीचा वास आत येऊन स्पिरिटच्या वासात मिसळत होता. त्या दिवसापासून ते दोन वास माझ्या नाकात एकच झाले.

अडचण होती रक्ताची. रक्त देणाऱ्यानं आधी दहा दिवस कसलीही गोळी घेतलेली चालायची नाही. ॲस्पिरिनची एक गोळी पोटात गेली की तिची खूण प्लेटलेटवर आठवडाभर राहते. ढीग चढतच नाहीत, मग पेप्टाइडनं काय केलं ते कळणार कसं? आणि हंगामाच्या दिवसांत आमच्या भागात गोळी न खाल्लेला माणूस शोधून दाखवा! ऊस तोडणारा अंग दुखतं म्हणून खातो, ट्रॅक्टरवाला डोकं दुखतं म्हणून खातो, कॉलेजची पोरं परीक्षा आली म्हणून खातात. किराणा दुकानात काडेपेटीच्या शेजारी डोकेदुखीच्या पुड्या टांगलेल्या असतात. मी रडकुंडीला आले होते. गावी गेल्यावर चुलीपुढं बसून हेच रडगाणं गात होते, तर आबा, माझे वडील, तंबाखू मळता मळता म्हणाले, "मग माजं घे की. दा दिस गोळीला शिवनार न्हाई म्या."

आबा पलटणीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन घरी आले तरी अंगातला जवान काही उतरला नव्हता. चादरीची घडी कोनात कोन, बूट उंबऱ्याला समांतर. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा आबा आठ-नऊ वर्षांचे होते. तरी त्याआधीचं सगळं त्यांना ठाऊक होतं, कारण आजोबांनी ते घोकून घेतल्यासारखं सांगून ठेवलं होतं. पहिल्यांदा ते सांगलीला रक्त द्यायला आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, आणि घरी साबणानं धुतलेला हात त्यांनी प्रयोगशाळेच्या नळावर पुन्हा धुतला. मी म्हटलं, "आबा, मी स्पिरिट लावणार हाय न्हवं." ते म्हणाले, "आसूं दे. माज्या बाच्या हातचं पाणी घेत न्हवती ही मान्सं. आन् आता माजं रगात सायेब सोता डोळा लावून बगनार. मळका हात कसा देऊ?"

सरांनी खरंच डोळा लावला. आणि "वा!" म्हणाले. आबांच्या रक्ताचे ढीग असे काही उठायचे की बघत राहावं. एका रेषेत, भराभर, उंच. दुसऱ्या कुणाच्या रक्तात इतकी स्वच्छ नक्षी येत नसे. आणि पेप्टाइड घातलं की तितकंच स्वच्छ सगळं नाहीसं. "आबा, तुमच्या रक्तासारखं रक्त नाही," सर म्हणाले, आणि आबा एकदम ताठ झाले, सलाम ठोकतात की काय असं मला वाटलं. त्या हंगामात ते पुन्हा पुन्हा आले. वडूजहून एसटीनं विटा, तिथून कुंडलवरून ट्रॉल्यांच्या मागे रखडत सांगली. पिशवीत माझ्यासाठी भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कधी हिरवागार हुरडा. रक्त देऊन झालं की कडेच्या बाकावर बसून ते प्रयोग संपेपर्यंत वाट बघायचे.

एकदा मी त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"काय दिसतंय, आबा?"

"कुंडलच्या वळनावर ट्रॉल्या आडकल्यागत दिसतंय." थोडं थांबून म्हणाले, "हे माजंच का?"

"तुमचंच."

"आन् माज्या आत बी आसंच चाललंय?"

मी हसले. म्हटलं, आत नाही हो, आत कुठं काच आहे? ते हसले नाहीत. छातीवरून हात फिरवला आणि शर्टाचं बटण उगाच काढून लावलं. आता ते बटण मला रोज दिसतं. तेव्हा दिसलं नाही, आणि कुणाला दिसलं असतं? वडील शर्टाचं बटण लावतात तेव्हा कोण त्याचा अर्थ शोधत बसतं.

मग मी पेप्टाइड घातलेलं रक्त दाखवलं. काच रिकामी बघून ते दचकले. "ह्ये कशानं झालं?" मी समजावलं आणि उत्साहाच्या भरात हेही सांगितलं की ही कल्पना शास्त्रज्ञांना सापाच्या विषावरून मिळाली. फुरशाच्या विषात असलाच एक तुकडा असतो, तो प्लेटलेटची मूठ अशीच बंद करतो.

आबांचा चेहरा बदलला. फुरसं आमच्या रानात दगड उचलला की निघतं. वीतभर लांब, मातीच्या रंगाचं, अंगाला अंग घासून खसखस करणारं. आमच्या शेजारच्या रानातल्या म्हातारीला कडबा बांधताना ते चावलं होतं. आधी नुसतं बोट सुजलं. लोकांनी ब्लेडनं चिरा दिला, इख वाहून जावं म्हणून. ते रक्त थांबलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि ती सारखी तोंड पुसून पदराकडे बघत होती. मी तेव्हा शाळेत होते. तो पदर मला अजून आठवतो.

"म्हंजे तू इखच करतीस की गं, मंदे," आबा म्हणाले.

"इख न्हाई, आबा. औशद."

"इखाचंच न्हवं का?"

मी विषय बदलला. बाहेर कारखान्याच्या चिमणीचा धूर वाऱ्यानं खाली आला होता, आणि शेजारच्या अंगणातल्या कपड्यांवर उसाच्या चिपाडाची काळी राख पडत होती. ती राख चिमटीत धरली की मोडते आणि बोटाला काळी रेघ उठते. हंगामभर घराघरात ती झटकण्याचा उद्योग चालतो. आजही सकाळी नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर मला दोन कण दिसले, आणि ते झटकायला माझा हात पुढं गेला तो नेमका त्याच्या छातीवर. तो म्हणाला, "आता नाडी पण बघणार का?"

संक्रांत होऊन गेली होती. आबा आले, बरोबर आईही आली. ती कधी सांगलीला यायची नाही. म्हणाली, डोळं दाकवायचं हायत. मी रक्त घेतलं, काच लावली, पंप सुरू केला. हे पेप्टाइड न घातलेलं रक्त, म्हणजे ढीग चढायला हवेत. पहिला थर काचेवर बसला. बारीक, फिकट, धुरळा बसावा तसा. आणि त्यावर काही चढेचना. मी वाट बघितली. वाहतंय, वाहतंय, आणि ढीग नाहीत. मला वाटलं मी सिरिंज बदलल्या, चुकून पेप्टाइडवालीच लावली. दुसरी काच घेतली, नवा लेप दिलेली. पुन्हा तेच. सर आले. त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. या रक्तात आधीच काहीतरी आहे. ॲस्पिरिन असावं."

मी तडक बाहेर गेले. माझा स्वभाव तापट, तेव्हा तर फारच. बाकावर आबा आणि आई दोघं बसलेली.

"आबा, गोळी खाल्ली तुमी?"

"न्हाई."

"खरं सांगा. काचंला दिसतंय."

"म्या कवा खोटं बोललोय तुज्याशी?" आबा उठून उभे राहिले. "दा दिस न्हाई, पंदरा दिस झालं. च्या सोडलाय, तंबाकू सोडलीया. गोळीला हात लावला आसंल तर हात झडंल माजा!"

आणि आबा खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. पण काचही खोटं बोलत नव्हती. मी मध्येच उभी. तेवढ्यात आई खाली मान घालून म्हणाली, "म्या घातली."

"काय घातली?"

"गोळी. कुटून. ह्या खेपंला रोज पिठल्यात, कवा आमटीत. त्यास्नी कळू दिलं न्हाई."

मग ते सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या आधी आबांच्या छातीत कळ आली होती, बांधावरच. वडूजच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढून बघितली होती आणि सांगितलं होतं, ही बारीक गोळी रोज घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. मला कळवायचं नाही, असं आबांनी आईला बजावलं होतं. आणि मग मी चुलीपुढं बसून रडगाणं गायले. तेव्हापासून आबा सांगलीला यायच्या दहा-पंधरा दिवस आधी गोळी बंद करत होते. रक्त देऊन घरी गेले की पुन्हा सुरू, मग पुन्हा बंद. त्यांच्या लेखी त्यात खोटं काहीच नव्हतं. मी दहा दिवसांचं विचारायचे, ते दहा दिवसांचं उत्तर द्यायचे. हुकूम तो हुकूम. ते सुंदर उंच ढीग, ज्यांना सर "वा" म्हणाले होते, ते आजारी माणसानं औषध सोडून माझ्यासाठी वाढून आणले होते.

मला इतका राग आला की काय सांगू. अजून येतो. मेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरते. कुणी सांगितलं होतं त्यांना एवढं आज्ञाधारक व्हायला? पण आबांना राग आला होता तो आईवर. "नासलंस माजं रगात!" ते ओरडले, कॉलेजच्या व्हरांड्यात, येणारी-जाणारी पोरं थांबून बघायला लागली. "पोरीचं काम नासलंस! सायेब काय म्हनतील? आवाज चढवतोय म्हनू नगंस, पर..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. त्यांनी डावा खांदा धरला. इस्त्रीच्या शर्टावर, पाठीवर, घामाचा डाग मोठा मोठा होताना मी पाहिला. बाहेर जानेवारीची थंडी होती.

दवाखाना समोरच होता, हे आमचं नशीब. कॉटवर घेतलं, तारा लावल्या, कागदावर रेघा आल्या. तरुण डॉक्टर होता, त्यानं रेघा बघून झटकन गोळी काढली आणि आबांच्या तोंडाशी धरली. "चावून खा, काका. लगेच."

आबांनी तोंड मिटून घेतलं.

वेदनेनं ओठ पांढरे पडलेले, आणि मान हलवून नाही म्हणतायत. आई रडायला लागली. डॉक्टर मला म्हणाला, समजवा यांना, वेळ नाही. मी वाकले. आबा दातांतूनच पुटपुटले, "ही खाल्ली की परत दा दिस ग्येलं. आन् मग घेनार का माजं रगात? का झालं बाद?"

बाद. त्या शब्दाला आमच्या घरात फार जुनं वजन आहे. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला दिसलं की या माणसाला मरणापेक्षा त्या शब्दाची भीती जास्त आहे. माझ्या मागं, रस्त्यापलीकडं, फ्रीजरमध्ये ते पेप्टाइड पडून होतं. आबांच्या छातीत आत्ता जे चाललं होतं, ते थांबवताना मी त्याला काचेवर कितीदा पाहिलं होतं. पण काचेवरून माणसाच्या शिरेत जायचा रस्ता तेव्हा तयार झाला नव्हता, आणि त्याचं प्रमाण मला काय, सरांनाही ठाऊक नव्हतं. हाताशी होती ती ही गोळीच.

"आबा," मी म्हटलं, "आमाला दोन्ही परकारचं रगात लागतंय. गोळी न खाल्लेलं आन् रोज खाल्लेलं. न खाल्लेलं तुमचं लय मिळालं. आता खाल्लेलं पायजे. तशी मान्सं मिळंना झाल्यात."

त्यांनी मान हलवायची थांबवली.

"पर रोज खायाची. एक दिस चुकला तर मातुर बाद."

"एक दिस बी न्हाई चुकायचा?"

"एक दिस बी न्हाई."

आबांनी तोंड उघडलं आणि गोळी चावली.

हे मी सुचलं म्हणून बोलून गेले, पण ते खोटं नव्हतं. सर खरंच गोळी आणि पेप्टाइड यांचं एकत्र काय होतं ते बघणार होते. आबा बरे झाले, आणि पुढच्या हंगामात, डॉक्टरांना विचारून, ते एकदा आले. एवढंसंच रक्त घेतलं. आबांच्या पोटातली गोळी आणि वरून पेप्टाइड, असं काचेखालून वाहवलं. काचेवर काही म्हणजे काही राहिलं नाही. कोरी काच. सर खूश झाले, आबा खूश झाले. मला मात्र त्या कोऱ्या काचेकडे बघताना म्हातारीचा पदर आठवला, आणि का आठवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या गोळीनं आम्हाला आबांचे चांगले तीन-चार हंगाम दिले. हे मी कबूल करते, नाहीतर कृतघ्न ठरेन. सकाळी तोंड धुतलं की आबा भिंतीशी उभे राहायचे, गोळी जिभेवर ठेवायचे आणि पाणी प्यायचे. गल्लीतली पोरंही ते बघून पायाला पाय लावून ताठ उभी राहायची. पुढे असली पेप्टाइडची औषधं खरोखरच निघाली, शिरेतून द्यायची. बातमी घेऊन मी गावी गेले तेव्हा आबा आईला म्हणाले, "बग, त्यात माजं बी रगात हाय." त्यात त्यांचं रक्त नव्हतं, दूरदेशीच्या कुणाकुणाचं होतं. मी मान हलवली आणि भाकरी मोडली.

आणि मग तो शेवटचा हंगाम. ऊस तुऱ्यावर आला होता. आबा मोरीच्या दगडावरून घसरले, डोकं कट्ट्याला लागलं. खोक पडली नाही, नुसतं टेंगूळ. हसत उठले, आईला म्हणाले, "पलटणीत आसलं मार लय खाल्ल्यात." उन्हाला जाऊन बसले. दुपारी जेवताना घास तोंडाऐवजी गालाला लावायला लागले, आणि आईशी हिंदीत बोलू लागले, गाडी लावा, गाडी लावा. मी योगायोगानं गावीच होते. जीपमध्ये घातलं आणि साताऱ्याला निघालो. वाटेत ट्रॉली कलंडली होती. पुढं सगळं अडकलेलं. माझ्या मांडीवर आबांचं डोकं, आणि त्या डोक्याच्या आत जे वाहत होतं ते कुठंही अडत नव्हतं, थांबत नव्हतं. मी खिडकीतून त्या अडकलेल्या ट्रॉल्यांकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणत होते, चिकट रे, देवा, चिकट, एकदा तरी चिकट.

साताऱ्यात डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. ते बाहेर आले, चष्मा पुसला. म्हणाले, मार एवढा मोठा नाही, पण रक्त आत पसरत चाललंय, थांबत नाहीये. मग विचारलं, "यांना रक्त पातळ करायची कसली गोळी चालू होती का?"

मी काही बोलायच्या आत आई पुढं झाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण हा प्रश्न तिला येत होता. तिनं पदर सावरला.

"व्हय तर, सायेब! एक दिस बी चुकली न्हाई त्यांची." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "सांग की गं मंदे, सायबास्नी."

मी म्हणाले, "हो. एकही दिवस नाही."